वाघ्या जेवून नाही राहिला!

सुरुवातीलाच सांगते, मी काही लेखिका वगैरे नाही. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. मराठी हा विषय थर्ड लँग्वेज, तोही पास होण्यापुरता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! आपल्या अंकाची मराठी संपादिका माझी रूममेट आहे आणि गेले पंधरा दिवस ती "लेख दे, लेख दे" म्हणून माझ्या मागे लागली आहे. "कशावर लिहू?" विचारलं तर म्हणे, "सुट्टीत काय केलंस ते लिही."

सुट्टीत बाकीच्यांनी इंटर्नशिप केली, पायथॉनचे कोर्स केले. मी चोवीस दिवस एका कुत्र्याला जेवायला घातलं. तेच लिहिते.

माझा मामा नोकरीनिमित्त हेमलकशाला राहतो. गडचिरोली जिल्हा, भामरागड तालुका. हेमलकसा म्हटलं की तुम्हाला डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे आठवतील, लोकबिरादरी प्रकल्प आठवेल, नाना पाटेकरचा २०१४ सालचा सिनेमा आठवेल. मला मात्र सगळ्यात आधी आठवतो तो रस्ता. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, आणि आलापल्लीच्या पुढे नुसतं जंगल आणि वळणं. मला गाडी लागते. ("गाडी लागते" हे मी शाळेत एकदा इंग्रजीत शब्दशः सांगितलं होतं, तेव्हा टीचरला वाटलं माझा ॲक्सिडेंट झाला!) आलापल्लीच्या पुढे एस.टी.च्या खिडकीतून डोकं बाहेर काढून मी जे काही केलं ते इथे लिहीत नाही. उतरल्यावर मामीने पहिलं वाक्य टाकलं, "काय वं, तोंड काऊन उतरलं? मळमळून राहिलं का?"

मळमळ. किती अचूक शब्द आहे! मला आधी 'नॉशिया' माहीत होता, मळमळ नंतर कळली. तशीच आणखी एक गंमत. रात्री जेवताना मी म्हटलं, भूक नाही. तर मामीची आई म्हणाली, "प्रवासाने पोरीची अन्नावरची वासना गेली." मी खुदकन हसले. आमच्या शाळेत 'वासना' हा शब्द मॉरल सायन्सच्या तासालाही दबक्या आवाजात घ्यायचे! पण आजींनी भूक आणि वासना यांत फरक आहे हे मला त्या दिवशी सांगितलं. पोट रिकामं असलं की भूक लागते. पण अन्न समोर आल्यावर ते खावंसं वाटणं, ती वासना. भूक असून वासना नसणं, हे आजारपण. हा फरक पुढे फार कामाला येणार होता, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

मामाकडे एक गावरान कुत्रा आहे, वाघ्या. नावाप्रमाणे काहीही नाही. बेडकाला घाबरतो. पण माणसांवर जीव टाकतो. मी गेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मामी अंगणातून ओरडली, "अवो, वाघ्या कालपासून जेवून नाही राहिला!"

मी बाहेर आले. ताटलीत भात आणि वरण तसंच होतं, वर मुंग्या. वाघ्या ताटलीजवळ गेला, वास घेतला, मान फिरवली. जीभ ओठांवरून फिरवली, काहीतरी गिळल्यासारखं केलं, लाळ गळाली. मग कुंपणाजवळ जाऊन गवत चावत बसला. थोड्या वेळाने पिवळा फेस ओकला.

मामी लगेच औषधांचा डबा घेऊन आली. प्रत्येक घरात असतो तसा डबा. त्यात तापाची पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ॲसिडिटीची गोळी आणि माझ्या लहान मामेभावाला देतात ते भूक वाढवायचं सिरप. मामी म्हणाली, "अंग गरम लागून राहिलं त्याचं. अर्धी तापाची देऊ, अन् वरून दोन चमचे सिरप. पोराला देतोच ना आपण!"

मी मामीचा हात धरला. इतक्या जोरात धरला की तिच्या हातातून डबा पडला.

इथे मला चार वर्षं मागे जावं लागेल.

चंद्रपूरला आमच्या घरी चिंगी नावाची मांजर होती. मी दहावीत होते. एकदा चिंगीने दोन दिवस काही खाल्लं नाही. नुसती कोपऱ्यात बसून राहायची. कान गरम लागले. आई-बाबा लग्नाला गेले होते. मी हुशार मुलगी! ताप आलाय, म्हणून खात नाही, ताप उतरला की खाईल, असं साधं लॉजिक लावलं. अर्धी पॅरासिटामॉल चुरून दुधात कालवली आणि ड्रॉपरने पाजली. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा सुजला. हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी गेली.

ते का झालं हे मला नंतर कळलं. पॅरासिटामॉल शरीरातून बाहेर टाकण्यासाठी माणसाचं यकृत जी रासायनिक पद्धत वापरतं, ती मांजरांमध्ये फारच दुबळी असते. मग औषधाचं विषारी रूप साचत जातं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं. ते बिघडलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत नाही. हिरड्या चॉकलेटी होतात त्या म्हणूनच. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस असा नाहीच. लवकर दवाखान्यात नेलं तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा असतो. मी नेलं नव्हतं. मी झोपले होते.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. आई आल्यावर तिने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, "माहीत नाही. काहीतरी विषारी खाल्लं असेल." आईने सरळ अर्थ काढला. शेजारच्या काकूंनी त्याच आठवड्यात उंदरांचं औषध टाकलं होतं. आई त्यांना बोलली, चांगलीच बोलली. मी आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून ऐकत होते. त्यानंतर दोन घरांमधली वाटीभर साखरेची देवाणघेवाण बंद झाली, ती आजपर्यंत.

आमच्या शाळेत कॅथलिक मुली ठराविक दिवशी चॅपलमध्ये कन्फेशनला जायच्या. हलक्या होऊन परत यायच्या. आम्हा बाकीच्यांना तो तास मोकळा असायचा. दहावीच्या त्या शेवटच्या दोन महिन्यांत मला त्या मुलींचा फार हेवा वाटला.

असो. पुन्हा हेमलकशाला येऊ.

मामाच्या घरी मोबाईलची रेंज येते ती अंगणातल्या जांभळाच्या झाडाखाली, तीही लहर लागली तर. मामाने तिथे उभं राहून ओळखीच्या एका पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं होतं ते औषधाचं नाव सांगतील. त्यांनी एकही नाव सांगितलं नाही. उलट प्रश्नच विचारले. पाणी पितो का? प्यायलेलं पोटात राहतं का? पोट फुगलंय का? हाड, मक्याचा दांडा, कापड असं काही गिळलं का? हिरड्यांचा रंग कसा आहे? पोटाच्या कातडीवर लाल ठिपके आहेत का? कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का?

आम्ही बघत गेलो. हिरड्या पांढुरक्या. पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. आणि कानाच्या आत गोचिडांची रांगच रांग. आम्ही रोज त्या कानांमागे खाजवत होतो, पण आत कोणीच डोकावलं नव्हतं!

"घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि घरातलं काही देऊ नका. मक्याचा दांडा वगैरे अडकलेला असता आणि तुम्ही उलटीची ती गोळी दिली असती, तर आतडं आणखी जोरात आवळलं असतं."

मामाच्या गाडीतून आम्ही वाघ्याला घेऊन आलापल्लीच्या बाजूला निघालो. मागच्या सीटवर मी आणि वाघ्या. दोघांनाही गाडी लागते. आळीपाळीने खिडकी वापरली!

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स फारच कमी होत्या. गोचीड ताप. गोचीड चावते तेव्हा एक सूक्ष्म जिवाणू रक्तात सोडते आणि तो पांढऱ्या पेशींत घर करतो. यावर औषध आहे, डॉक्सिसायक्लिन, तेही स्वस्त. पूर्ण अठ्ठावीस दिवस द्यायचं. मी मनात म्हटलं, संपलं, सुटलो.

पण खरी परीक्षा पुढेच होती. डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं की त्यानेच मळमळतं! म्हणजे बघा, औषध द्यायचं तर पोटात अन्न हवं. अन्न जायचं तर मळमळ थांबायला हवी. मळमळ थांबायची तर आजार जायला हवा, आणि आजार जायचा तर औषध हवं. ज्याला आपण प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इन्फिनिट लूप म्हणतो, तो हाच. या लूपमधून बाहेर पडायची एकच जागा होती, मळमळीचं औषध.

डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून दाखवली. मी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे म्हटल्यावर त्यांनाही उत्साह आला असावा. मेंदूच्या तळाशी उलटीचं नियंत्रण करणारी एक जागा असते. तिच्याकडे चार वायरी येतात. पहिली पोट आणि आतड्यांकडून. दुसरी रक्ताची तपासणी करणाऱ्या एका छोट्या केंद्राकडून, रक्तात विष किंवा औषध आलं की ते केंद्र बोंब मारतं. तिसरी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून, म्हणजे आमची आलापल्लीची वळणं! आणि चौथी मेंदूच्या वरच्या भागाकडून, भीती, वास, आठवणी यांची. उलटीचं प्रत्येक औषध म्हणजे यातल्या कुठल्यातरी जोडणीवर लावलेला स्विच. ऑन्डान्सेट्रॉन सिरोटोनिनचा एक स्विच बंद करतं. कॅन्सरच्या केमोथेरपीत माणसांना होणाऱ्या उलट्यांसाठी ते आलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांनीही ते घेतलं. मॅरोपिटंट हे खास प्राण्यांसाठी काढलेलं औषध. अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांसाठी आणि २०१२ मध्ये मांजरांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते शेवटच्या, सगळ्या वायरी एकत्र येतात त्या जंक्शनवरच काम करतं, म्हणून उलटी कुठल्याही कारणाची असो, थांबवतं.

"पण एक लक्षात ठेव," डॉक्टर म्हणाले, "उलटी थांबली म्हणजे मळमळ थांबली असं नाही. उलटी दिसते. मळमळ ओळखावी लागते. ओठ चाटतो का, उगाच गिळतो का, लाळ गळते का, अन्नाचा वास घेऊन मान फिरवतो का, ते बघत राहा."

मी विचारलं, मग भूक वाढवायचं सिरप का नाही? तर ते म्हणाले, "भूक मेलेली नाही. मळमळीखाली दबलेली आहे. आधी वरचा दगड उचलू."

म्हणजे आजी म्हणाल्या होत्या तेच! भूक वेगळी, वासना वेगळी.

भूक वाढवायची औषधंही आहेत, ती वाईट नव्हेत. मामेभावाच्या सिरपमधलं सायप्रोहेप्टाडीन मूळचं ॲलर्जीचं औषध. ते डॉक्टर कधीकधी मांजरांना देतात. मिर्टाझापिन हे माणसांचं नैराश्यावरचं औषध, पण मांजरांत ते भूकही वाढवतं. त्याचं कानाच्या आतल्या कातडीवर लावायचं मलम निघालंय, २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. (मांजराला गोळी गिळवून पाहिलेल्या कोणालाही या मलमाचं महत्त्व सांगायला नको!) कॅप्रोमोरेलिन तर शरीरातल्या भुकेच्या हार्मोनचीच नक्कल करतं, २०१६ मध्ये कुत्र्यांसाठी आणि २०२० मध्ये मांजरांसाठी आलं. मूत्रपिंडाच्या जुनाट दुखण्यात ज्यांचं वजन उतरत जातं, अशा म्हाताऱ्या मांजरांना अशा औषधांचा खरा आधार होतो. आणि मांजराच्या बाबतीत वाट बघत बसणं धोक्याचंच. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं, तेही मांजर जाड असेल तर, अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मग तोच एक वेगळा जीवघेणा आजार होतो. चिंगीसाठी मी दोन दिवस थांबले ते चूक, आणि तिसऱ्या दिवशी जे दिलं ते महाचूक.

म्हणजे औषधं सगळी आहेत. प्रश्न असतो तो क्रमाचा. गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की बल्ब काढून टाकला तर दिवा विझतो, पण इंजिन जातं. खात नाही हा तो लाल दिवा. आधी बॉनेट उघडायचं.

डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कोणीतरी हा अंक हातात धरून मेडिकल स्टोअरला जाईल!

मग सुरू झाले आमचे चोवीस दिवस. सकाळी मळमळीची गोळी. साधारण तासाने कोमट मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा, कोमट अशासाठी की वास सुटतो. एका वेळी लिंबाएवढाच घास. मामीला गोळी दुधातून द्यायची होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की दुधातल्या कॅल्शियममुळे डॉक्सिसायक्लिन नीट शोषलं जात नाही. आणि जबरदस्ती अजिबात नाही. मळमळत असताना तोंडात कोंबलेलं अन्न प्राणी विसरत नाही, बरा झाला तरी त्या अन्नाकडे बघत नाही. चौथी वायर!

पहिले दोन दिवस इंजेक्शनं घेऊनही त्याने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या बोटाला लागलेलं अंडं चाटलं. चौथ्या दिवशी पाच घास खाल्ले, मी मोजले. पाचव्या घासाला मामी पदराने डोळे पुसत आत निघून गेली. दोन आठवड्यांनी रस्त्यावरच्या नाल्यांवरून पाणी वाहायला लागलं आणि एस.टी. बंद झाली. हाच आजार तेव्हा आला असता तर? मी तो विचार फार वेळ करू शकले नाही.

दुपारी वाघ्या झोपला की मी प्रकल्पावर जायचे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तो सुरू केला. त्या वेळी तिथे ना वीज, ना रस्ता. झाडाखाली दवाखाना. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना पुढे २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे आपल्याला जनरल नॉलेजमध्ये पाठ असतं. पण सुरुवातीला त्यांच्याकडे येणारा माडिया पेशंट आणि डॉक्टर यांना एकमेकांची भाषाच येत नव्हती, हे आपण विसरतो. कुठे दुखतं, कधीपासून, काही खाल्लं का, हे विचारायचं कसं? त्यांनी माडिया शिकून घेतली. औषधं होतीच, पण प्रश्न विचारता येईपर्यंत ती अर्धीच.

आणि तिथलं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं ते शिकारीत मेलेल्या आईला बिलगून बसलेल्या एका माकडाच्या पिल्लापासून. अशी पिल्लं जगवायची म्हणजे पहिला प्रश्न एकच, हे खाईल का? आणि नाही खाल्लं तर का नाही? पिल्लू सांगणार नाही. माडिया पेशंट निदान माडियात तरी सांगायचा!

पिंजऱ्यांसमोर उभी असताना मला वाटलं, वाघ्याचं ओठ चाटणं, मान फिरवणं, गवत खाणं ही एक भाषाच होती. चिंगीही तिच्या भाषेत बोलत होती. मी ऐकलं नाही, औषध दिलं. कॉन्व्हेंटमध्ये मला तीन भाषा शिकवल्या, हॉस्टेलने चौथी शिकवली (ती इथे छापता येणार नाही), पण समोरचा गप्प असताना त्याचं ऐकायची भाषा मी वीस वर्षांची झाल्यावर एका बेडकाला घाबरणाऱ्या कुत्र्याकडून शिकले.

मी निघाले तेव्हा गोळ्यांचे चार दिवस बाकी होते, ते मामीने पूर्ण केले. आता वाघ्या दोन वेळा जेवतो आणि मामेभावाच्या ताटातलंही पळवतो. दर रविवारी त्याचे कान तपासतात. औषधांच्या डब्यावर मामीने जाड अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे, 'माणसांचं. वाघ्याचं नाही.'

चंद्रपूरला परत आल्यावर मी एकदा धीर करून शेजारच्या काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं मी नाही केलं. पण चार वर्षं मीच रोज विचार करून राहिले, की चुकून मांजरीने खाल्लं तर नसेल?" हे ऐकून मला जे वाटलं ते लिहायला मराठीत किंवा इंग्रजीत माझ्याकडे शब्द नाही. मग त्यांनी चहा टाकला. मला तो नीट गिळता आला नाही.

आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. पण आई आपला हा अंक दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

आई, साखर मागायची झाली तर शेजारी जा. त्यांची काही चूक नव्हती.